जाहिरातीतलं लाल फडकं

मी सोमवारी सकाळी फुटबॉल बघतो आणि त्याचा पगार घेतो. गावाकडे हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग जरा संशयाने बघतात. त्यांचं चुकत नाही. सुरुवातीला मलाही वाटायचं की एक दिवस कोणीतरी येईल आणि म्हणेल, झाली गंमत, आता निघा.

सिंगापुरात आंग मो किओच्या इंडस्ट्रियल पार्कात एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. खाली इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग बनतात, वर आम्ही सामने नोंदवतो. अमेरिकेत रविवारची संध्याकाळ असते तेव्हा इथे सोमवार उजाडलेला असतो. तिथे सामना सुरू झाला की इथे आम्ही पडद्यासमोर बसतो आणि चेंडू कुठून सुटला, कोणी झेलला, कुठे पडला, पंचाने काय दिलं, हे सगळं त्या त्या क्षणी नोंदवत जातो. पुढे त्या नोंदी विकल्या जातात. कोणाला, हे मी रुजू झालो तेव्हा विचारलं होतं. "क्लायंटला," असं उत्तर मिळालं. ते उत्तर झालं असं मी अजून धरलेलं नाही.

हे फुटबॉल म्हणजे आपण शाळेच्या मैदानावर खेळलो ते नव्हे. अमेरिकन. लांबट चेंडू, डोक्यात हेल्मेट, खांद्यावर गाद्या, आणि पायापेक्षा हाताचंच काम जास्त. इथे येईपर्यंत मी त्याचा एक चेंडूही पाहिला नव्हता. आमचा मॅनेजर अमेरिकन, लहानपणापासून याच खेळात बुडालेला. त्याने पहिल्याच दिवशी नियमांचं जाडजूड पुस्तक हातात दिलं. बाकीच्यांनी ते चाळलं. मी ते परीक्षेला बसल्यासारखं वाचलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी जिथे तिथे सांगतो. ज्यांच्या घरी तीन पिढ्यांच्या पदव्या भिंतीवर टांगलेल्या असतात त्यांना वाटतं, यात काय सांगायचं. म्हणून त्यांना तर आवर्जून सांगतो.

त्या पुस्तकात मला सगळ्यात आवडलेलं आणि सगळ्यात खटकलेलं प्रकरण एकच होतं. चॅलेंजचं.

नियम असा. पंचाने एखादा निर्णय दिला आणि कोचला तो पटला नाही, तर कोच खिशातून किंवा मोज्यातून एक लाल फडकं काढून मैदानावर भिरकावतो. म्हणजे, माझी हरकत आहे, परत बघा. पण हे पुढचा चेंडू खेळात यायच्या आत करायचं. चेंडू एकदा सुटला की मागचं सगळं मंजूर. सामन्यात असं दोनदा करता येतं. त्यातलं एक जरी बरोबर ठरलं तर तिसरं मिळतं. चुकीचं ठरलं तर खेळ थांबवून घ्यायचा आपल्या हक्काचा एक टाइमआउट जातो, आणि टाइमआउट शिल्लकच नसेल तर फडकं फेकताच येत नाही. थोडक्यात, शंका घ्यायची तर आधी खिशात काहीतरी पाहिजे.

इथवर मला पटलं. पुढचं वाचलं आणि भुवया वर गेल्या. धरपकड, ढकलाढकली, असल्या बहुतेक दंडांवर हरकत घेता येत नाही. ती म्हणे पंचाच्या समजुतीची बाब. गुण मिळाले किंवा चेंडू दुसऱ्या संघाच्या हातात गेला, तर तेही कोचने विचारायचं नाही, ते वरचे लोक आपणहून तपासतात. प्रत्येक अर्ध्याची शेवटची दोन मिनिटं, तिथेही कोचने हात खिशातच ठेवायचे. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त पणाला लागलेलं असतं तिथे तुम्ही शंका घेऊ नका, तुमच्या वतीने आम्हीच घेऊ. असं कोणी म्हणालं की मी पाकीट चाचपतो.

आणि बघतं कोण? मैदानावरचा मुख्य पंच एका छोट्या पडद्यात डोकावतो खरा, पण शेवटचा शब्द दुसऱ्या शहरात, पडद्यांनी भरलेल्या एका खोलीत बसलेल्या लोकांचा. त्यांचे निकाल तीन प्रकारचे. निर्णय पक्का, म्हणजे पंच बरोबर होता हे दिसलं. निर्णय फिरवला, म्हणजे चूक होता हे दिसलं. आणि तिसरा, निर्णय तसाच. म्हणजे काहीच नीट दिसलं नाही, म्हणून पंच बरोबर. चूक अगदी ढळढळीत दिसली पाहिजे. ज्याला शंका, त्यानेच ती दाखवायची.

हा तिसरा निकाल मला नवा नव्हता. माझे वडील दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचे, कारखान्यावर ऊस पोचवायचे. ट्रॉली वजनकाट्यावर उभी राहिली की केबिनच्या खिडकीतून आवाज यायचा, आकडा सांगायचा. वडील खाली उभे. काटा दिसायचा नाही, आवाज तेवढा यायचा. "आज परत काटा मारला," हे आमच्या घरात जेवताना मीठ मागितल्यासारखं बोललं जायचं. मारला हे कळायचं, दाखवता यायचं नाही, आणि दाखवता आलं नाही की आकडा तसाच. त्यामुळे पुस्तकातलं ते पान वाचताना मला अमेरिका जरा ओळखीची वाटली.

मॅनेजरने हाच नियम ऑफिसात आणला होता. आमच्या नोंदी युरोपातल्या एका ऑडिटरकडे जायच्या आणि बुधवारी तिने काढलेल्या चुकांच्या खुणा आमच्याकडे यायच्या. तेव्हा मला ती बाई आहे हेही माहीत नव्हतं, नुसतं एक खातं होतं. खूण पटली नाही तर मॅनेजरच्या टेबलावर लाल रुमाल टाकायचा. त्याने खरोखरचा आणला होता, कोपऱ्यात वजन शिवलेला. सीझनमध्ये दोन संधी, जिंकलं तर तिसरी, हरलं तर शिफ्ट निवडायचा हक्क एकदा गमवायचा. आणि पुढचा सामना सुरू व्हायच्या आत टाकायचा. बाकीच्यांना यात मजा वाटायची. मला वाटायचं, तक्रारीचा खेळ केला की तक्रार करणारा खेळकर दिसतो, आणि खेळकर माणसाचं कोण मनावर घेतं.

त्या सीझनला माझा करार वर्षअखेर संपत होता. करार वाढला तर इथे राहायचा पास वाढणार, माझा वाढला तर बायकोचा आणि मुलीचा. नाही वाढला तर पुंगोलचा फ्लॅट, मुलीची शाळा, सगळं गुंडाळून परत. मॅनेजरने सप्टेंबरात मला काचेच्या केबिनमध्ये बसवून सांगितलं होतं की अचूकतेची एक रेघ आहे, तिच्यावर राहिलास तर काळजी नाही. मी वरच होतो, पण फार नाही. एखादी मोठी चूक परवडणारी नव्हती.

आता ती सोमवारची सकाळ.

एका सामन्याच्या नोंदी दोन जण स्वतंत्रपणे करतात. शेजारी बसायचं, मध्ये पार्टिशन, एकमेकांशी बोलायचं नाही. दोघांचं जुळलं तर ठीक, नाही जुळलं तर ऑडिटर ठरवणार. माझ्या शेजारी पुण्याची एक बाई बसायची. माझ्यापेक्षा थोडी मोठी, आई-वडील दोघेही प्राध्यापक, मराठी अशी की ऐकताना आपण बूट बाहेर काढून आलोय का ते बघावं. कामात चोख. माझ्याशी वागायला वाईट अजिबात नाही. पण मी काही म्हणालो की एक क्षण थांबून मग उत्तर द्यायची, आणि तो एक क्षण मला आवडायचा नाही.

आमच्याकडे टीव्हीवरचं चित्र येतं तसंच स्टेडियममधल्या कॅमेऱ्याचं थेट चित्रही येतं. त्याला आवाज नसतो, पण ते कधी थांबत नाही. टीव्ही जाहिरातीला गेला तरी आमच्या दुसऱ्या पडद्यावर मैदान चालूच. नियमाने तेव्हाही बसून राहायचं. प्रत्यक्षात जाहिरात लागली की सगळे उठतात. कोणी कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणतं, कोणी फोन करतं, कोणी पाय मोकळे करतं. मॅनेजरसुद्धा उठतो. मी उठत नाही. फार कष्टाळू आहे म्हणून नव्हे. कोणी बघत नसतं तेव्हाच काय ते होतं, असा माझा समज आहे.

तिसरा क्वार्टर चालू होता. पाहुण्या संघाच्या एका खेळाडूने कडेच्या रेषेजवळ झेप घेऊन चेंडू झेलला. पंचाने झेल नाकारला, पाय बाहेर पडला म्हणून. कोचने लाल फडकं भिरकावलं. टीव्ही जाहिरातीला गेला, खुर्च्या सरकल्या. माझ्या पडद्यावर मुख्य पंच बघायला म्हणून निघाला आणि अर्ध्या वाटेत थांबला. कानाला हात लावला. मान हलवली. मागे वळून त्याने झेल दिला. दुसऱ्या एका पंचाने गवतावरचं फडकं उचललं, झटकलं आणि कोचच्या हातात दिलं. कोचने ते मोज्यात खोचलं.

याचा अर्थ पुस्तकात स्पष्ट आहे. हल्ली त्या पडद्यांच्या खोलीतले लोक उघड उघड चूक दिसली तर पंचाच्या कानात सांगतात, आणि निर्णय तिथल्या तिथे दुरुस्त होतो. मग कोचच्या हरकतीची गरजच उरत नाही, आणि त्याचं चॅलेंज खर्ची पडत नाही. फडकं परत देतात ते म्हणूनच. मी तसं नोंदवलं. जाहिरात संपली, टीव्हीवर खालची पट्टी आली, आणि तिच्यात त्या संघाचं एक चॅलेंज कमी दाखवलं होतं. मी पट्टीकडे बघितलं आणि माझी नोंद तशीच ठेवली. पट्टी कोणीतरी घाईत भरलेली असते.

बुधवारी खूण आली. 'पुरावा दिसत नाही.' शेजारणीची नोंद बरोबर धरली होती: चॅलेंज खर्ची. चूक एकच, पण आमच्याकडे प्रत्येक नोंदीत उरलेल्या चॅलेंजचा रकाना असतो. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तो आकडा चुकला की सामना संपेपर्यंतची प्रत्येक नोंद चुकीची. मी रेघेच्या खाली गेलो.

लीगची अधिकृत नोंद बघा आणि मिटवा, असं कोणी म्हणेल. ते आम्हाला मना आहे. गिऱ्हाईक आमच्याकडून चित्रात दिसेल तेच विकत घेतं, दुसऱ्याचं उतरवलेलं नाही.

मी दिवसभर डोक्यात एकेक धागा ओढत होतो. ऑडिटरने ते चित्र बघितलंच नसणार. किंवा बघितलं आणि वरून सांगण्यात आलं असणार, की पुढच्या सीझनला एक माणूस कमी करायचाय. मग आठवलं, मंगळवारी शेजारीण काचेच्या केबिनमध्ये बराच वेळ बसली होती आणि मॅनेजर हसत होता. माझी चूक ठरली की तिची नोंद बरोबर ठरते. हे गणित करायला प्राध्यापकांच्या घरी जन्मावं लागत नाही.

संध्याकाळी ब्लॉकखालच्या झोपाळ्यांजवळ बायकोला सगळं सांगितलं. मुलगी झोका घेत होती. माझं तोंड बघून ती वरूनच तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, डोन्ट बी लाइक दॅट लाह." बायको म्हणाली, मग टाक तो रुमाल. मी म्हणालो, काही उपयोग नाही. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी एका विषयाचं पुनर्मूल्यांकन मागितलं होतं, तेव्हा महिनोन् महिने थांबून काय आलं? नो चेंज. पेपर कोणी उघडला तरी होता का, देव जाणे. इथेही निर्णय तसाच म्हणतील, वर कटकट्या म्हणून नाव होईल. बिचाऱ्या बायकोने हे माझं पुराण अनेकदा ऐकलंय. या वेळी तिने मध्येच तोडलं.

"तुझा कोणावरच भरवसा नाही, ते राहू दे. पण मग ते जे म्हणाले ते मुकाट मानतोस कसं? एवढा भरवसा बरा ठेवतोस त्यांच्यावर."

 मी झोका ढकलायला गेलो.

गुरुवारी खालच्या कोपीच्या स्टॉलवर शेजारीण रांगेत माझ्या पुढे होती. मी सरळ विषय काढला.

"त्या झेलाला तुम्ही चॅलेंज खर्ची टाकलंत."

ती थांबली, तो तिचा एक क्षण. "टाकलं."

"फडकं परत दिलं होतं त्यांनी. मी बघितलं. तुम्ही काय बघितलंत?"

"तुम्ही नेहमी असंच बोलता की मला खास उलटतपासणी?"

"ताई, साधं विचारतोय."

"ताई नका म्हणू हो. ऑफिसात दहा वर्षांनी म्हातारी होते मी." तिने कप घेतला, दुधाची साय बाजूला केली. "तुम्ही रुमाल टाकलात आणि जिंकलात तर माझी नोंद चुकीची ठरेल. लक्षात आहे ना?"

"आहे."

"मग मला कशाला विचारताय? टाका."

आणि ती निघून गेली. मी मागोमाग वर आलो तर ती जागेवर नव्हती. काचेच्या केबिनमध्ये होती, दार लावून. या वेळी मॅनेजर हसत नव्हता. मी म्हटलं, झालं. मी टाकायच्या आत निकाल लागला.

पण त्यामुळेच असेल, भीती गेली. निकाल लागलाच असेल तर आता गमवायला काय राहिलं? शुक्रवारी सकाळी, तिकडच्या गुरुवार रात्रीचा सामना सुरू व्हायच्या आधी, मी केबिनमध्ये गेलो आणि लाल रुमाल टेबलावर टाकला. वजनामुळे तो की-बोर्डवर जरा जोरात आपटला. मॅनेजरचा चेहरा लहान मुलासारखा खुलला. फाइन, म्हणाला, दुपारी बघू. त्याला इतका आनंद का झाला, याचा मी सामनाभर विचार करत होतो. आठवड्याभरानंतर थेट चित्र पुसलं जातं, तेवढं मला माहीत होतं. ते अजून आहे की त्याआधीच गेलं, हे विचारायचं धाडस झालं नाही. त्या सकाळी प्रत्येक जाहिरातीत खुर्च्या सरकत होत्या. शेजारची एकदाही सरकली नाही. मी त्यातूनही अर्थ काढला, आणि तो वाईट होता: आता सांभाळून राहतेय.

दुपारी केबिनमध्ये आम्ही तिघे, आणि पडद्यावर ऑडिटर. मी मनात एक कोरडा, चष्म्यातला पुरुष धरला होता. निघाली एक मध्यमवयीन बाई, खांद्यावर शाल, तिच्याकडे सकाळ होती आणि मागे कोणाची तरी भांडी वाजत होती. तिने आधी तिची बाजू मांडली. तिच्याकडचं चित्र लावलं. कोच हात वर करतो, फडकं उडतं, आणि पुढच्या क्षणाला दोन्ही संघ रांगेत उभे, चेंडू सुटायच्या तयारीत. मधलं काहीच नाही.

"तुमचं चित्र कापलेलं आहे," मी म्हणालो.

"मला हेच मिळतं," ती म्हणाली. जाहिराती आणि थांबलेला वेळ काढून टाकलेलं. सगळ्या सामन्यांचं असंच. एका दिवसात इतके सामने तपासायचे तर दुसरं कसं होणार? मग तिने जरा संकोचून सांगितलं की माझ्या नोंदींमध्ये नेहमीच जास्तीचं काहीतरी असतं, जे चित्रात नसतं. "मला वाटायचं, हा माणूस दिसतं त्याच्यापेक्षा जास्त लिहितो. म्हणजे, रचून."

तर मी तिच्यावर संशय घेत होतो आणि ती माझ्यावर. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर जरा बरं वाटलं. निदान कोणीतरी वाचत होतं.

मॅनेजर शेजारणीकडे वळला. तिने क्षणभर थांबून, अगदी नोंद वाचल्यासारखं सांगितलं.

"मी जागेवर नव्हते. जाहिरात लागली, मी कोपी आणायला गेले. परत आले तेव्हा पट्टीत जे होतं ते टाकलं. यांनी काय बघितलं ते मी बघितलेलं नाही."

मग मॅनेजरने थेट चित्र लावलं. होतं ते, पुसलेलं नव्हतं. पंच निघाला, थांबला, कानाला हात लावला. दुसऱ्याने वाकून फडकं उचललं, झटकलं, कोचला दिलं.  मॅनेजर उठला, पंचासारखे हात केले आणि म्हणाला, निर्णय फिरवला. माझे आकडे परत रेघेच्या वर गेले, आणि शेजारणीचे खाली आले. तिचा करार पुढल्या वर्षीपर्यंत आहे, हे नंतर कळलं. तेव्हा मला ते माहीत नव्हतं, आणि तिनेही ते बोलून दाखवलं नाही.

मी तिला म्हणालो, हे कालच मला सांगता आलं असतं. ती म्हणाली, "काल मी त्यांना सांगितलं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, यात हिचा काय डाव."

म्हणालोच असतो. माझा तिच्यावरचा संशय खोटा निघाला, हे मी तिथेच कबूल केलं. संशय घेणं चुकीचं होतं, असं मात्र मी अजून म्हणत नाही. कारण लगेच दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि ती मी मॅनेजरला विचारली. तुला गुरुवारपासून माहीत होतं तर?

हो, म्हणाला.

"आणि मी रुमाल टाकला नसता तर?"

त्याने खांदे उडवले. फडकं पडल्याशिवाय मला परत बघता येत नाही, म्हणाला, मग नियमाला काय अर्थ राहिला? तो अगदी सरळपणे सांगत होता. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, आणि तेच मला जास्त भयंकर वाटलं. त्या काचेच्या खोलीत एक माणूस तिची नोंद न बघता टाकलेली आहे हे जाणून, माझ्या हालचालीची वाट बघत बसला होता. मी हललो नसतो तर करार संपला असता, नियमाप्रमाणे, आणि कोणाचंच काही चुकलं नसतं. सकाळचा त्याचा आनंद कसला होता ते तेव्हा कळलं. मी फडकं टाकल्याने तो सुटला होता.

मॅनेजर कॉल बंद करायला निघाला. पडद्यावरच्या बाईने थांबवलं. ती माझ्याशी बोलत होती.

"त्या जाहिरातींमध्ये अजून काय काय होतं?"

मला वाटलं, आता ही माझ्या बाकीच्या नोंदी काढणार. मी सावधपणे विचारलं, कशासाठी हवंय. ती म्हणाली, सीझनभर मी हे कापलेलं चित्र बघून लोकांना चुकीचं ठरवत आलेय. किती जणांना, मला ठाऊक नाही. पूर्ण चित्र मागितलं तर माझे वरचे देतील असं वाटत नाही. पण कशासाठी मागतेय, ते तरी मला सांगता आलं पाहिजे.

हे खरं की खोटं, मला कळायला मार्ग नव्हता. मी शेजारणीकडे बघितलं. ती हाताची घडी घालून बसली होती, उठायचं लक्षण नव्हतं. म्हणून मी सांगायला सुरुवात केली. म्हटलं, एक माणूस असतो, भडक नारिंगी बाह्यांचा. जाहिरात लागली की तो मैदानाच्या कडेला येऊन उभा राहतो. बावीस खेळाडू, सगळे पंच, दोन्ही कोच त्याच्याकडे बघत थांबलेले असतात. त्याची खूण झाल्याशिवाय चेंडू सुटत नाही.

"असा कोणी असतो?"

"प्रत्येक सामन्यात. टीव्हीवर तो कधीच दिसत नाही. आणि तो उभा असतो तेवढ्या वेळात पंच एकमेकांशी बोलतात, चेंडू इकडचा तिकडे ठेवतात, घड्याळ मागे घेतात. ते सगळं मी लिहितो. तुम्ही खोडता ते तेच."

तिने खांद्यावरची शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली. मग म्हणाली, थांबा, पेन घेऊन येते, आणि उठून गेली. पडद्यावर रिकामी खुर्ची आणि पाठीवर टाकलेली शाल राहिली. मॅनेजरने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, वेळ झाली, बंद करू या का. मी म्हणालो, नको. ती परत येते की नाही, ते मला बघायचंय.